काठावरच्या तेलविहिरी आणि रॉयल्टीतली सूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेलविहिरींवरची रॉयल्टी कमी झाली किंवा सेस (केंद्राचा तेलावरचा उपकर) अर्धा माफ झाला अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणजे ‘कंपन्यांची धन’. दुसरी म्हणजे ‘आता आयात घटणार’. दोन्ही घाईच्या आहेत. सूट कुठल्या बॅरलवर दिली, कोणाच्या खिशातून दिली आणि ती कधी थांबणार, हे कळल्याशिवाय ती चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे त्याच अंगाने घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः भारतातली आहेत. जिथे अमेरिकेने आधी ठेच खाल्ली, तिथे तिथलीही.

रॉयल्टी हा करच ना?

नाही. रॉयल्टी म्हणजे मालाच्या मालकाला दिलेला मोबदला. तेल सरकारच्या मालकीचं, उपसा कंपनीचा, आणि उपशामागे मालकाचा वाटा. खनिजांच्या खटल्यात २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी हेच सांगितलं : रॉयल्टी म्हणजे कर नव्हे. तो खटला तेलाचा नव्हता, खाणींचा होता. पण तत्त्व समजायला पुरेसा आहे.

मेख अशी की रॉयल्टी नफातोटा बघत नाही. प्राप्तिकर नफा झाला तरच लागतो. रॉयल्टी मात्र तेलाच्या विहिरीच्या तोंडाशी असलेल्या किमतीवर, म्हणजे वाहतूक वगैरे खर्च वजा जाता उरलेल्या किमतीवर, सरळ टक्क्याने लागते. भरभरून वाहणाऱ्या विहिरीला ती जाणवत नाही. म्हाताऱ्या विहिरीला तीच बुडवते. या पानावरच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यातून निघतात.

दर किती आहेत?

एकच दर नाही, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना सरकारने थेट नेमून दिलेल्या जुन्या क्षेत्रांत जमिनीवरच्या कच्च्या तेलाला २० टक्के. १९४८च्या तेलक्षेत्र कायद्यात कमाल मर्यादाही २० टक्क्यांचीच, म्हणजे जमिनीवरच्या जुन्या विहिरी थेट छताला टेकलेल्या. ‘हेल्प’ या तेलशोधाच्या परवान्यांच्या २०१६च्या धोरणाखाली दिलेल्या नव्या क्षेत्रांत जमिनीवर १२.५ टक्के, उथळ समुद्रात ७.५ टक्के. खोल समुद्रात पहिली सात वर्षं शून्य आणि नंतर ५ टक्के. अतिखोल समुद्रात सात वर्षांनंतर फक्त २ टक्के.

गंमत बघा. नव्या, अजून न सापडलेल्या तेलाला सवलत आहे आणि सापडलेल्या, म्हाताऱ्या, पाणी ओकणाऱ्या विहिरीला सर्वांत चढा दर.

आणि सेस?

तो वेगळा. १९७४च्या तेल उद्योग विकास कायद्याखाली केंद्र तो घेतं. जुन्या नेमणुकीच्या क्षेत्रांना आणि राजस्थानातल्या बाडमेरसारख्या नव्वदच्या दशकातल्या काही करारांना तो लागतो. ‘नेल्प’ (‘हेल्प’च्या आधीचं परवाना धोरण) आणि ‘हेल्प’मधल्या क्षेत्रांना लागत नाही. १ मार्च २०१६ पासून त्याचा दर किमतीच्या २० टक्के झाला.

त्याआधीची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण चुकीची आकारणी काय करते ते तिथे दिसतं. मार्च २०१२ पासून सेस होता टनाला सरसकट ४,५०० रुपये. टनात साधारण साडेसात बॅरल धरले तर बॅरलमागे ६०० रुपये. तेल १०० डॉलरच्या वर होतं तोवर कोणी फारशी ओरड केली नाही. जानेवारी २०१६ मध्ये तेल ३० डॉलरच्या खाली गेलं, म्हणजे बॅरल जेमतेम २,००० रुपयांना. सेस मात्र तेच ६०० रुपये. विक्रीच्या तीस टक्के, आणि वर रॉयल्टी वेगळी. टक्केवारीवर येण्याची मागणी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मान्य झाली. पण टक्का २० ठेवल्यामुळे पुढे भाव चढल्यावर सेसही चढला, हेही खरं.

हा पैसा जातो कुठे? मुंबई हायची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळते का?

मिळत नाही. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी त्या राज्याला जाते : आसाम, गुजरात, राजस्थान, तमिळनाडू, आंध्र. समुद्रातल्या तेलाची केंद्राला. राज्यघटनेच्या २९७व्या कलमानुसार प्रादेशिक समुद्रातली, सागरमंचावरची आणि अनन्य आर्थिक क्षेत्रातली खनिजसंपत्ती केंद्राची. मुंबई हाय किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून जास्त आत आहे. तिथलं तेल नळाने उरणला उतरतं, तिथल्या प्रकल्पात पाणी आणि वायू वेगळे होतात, रायगडच्या जमिनी त्यासाठी गेल्या. पण रॉयल्टीच्या वहीत महाराष्ट्राचं पान नाही.

त्यामुळे समुद्रातल्या विहिरींना सूट देताना केंद्र स्वतःचा पैसा सोडतं. मेहसाणा किंवा दुलियाजानच्या विहिरींना रॉयल्टीत सूट दिली तर सोडला जातो तो गुजरातचा किंवा आसामचा पैसा.

माझ्या शेतात तेल निघालं तर मला रॉयल्टी मिळेल?

नाही. जमीन वापरायला घेतल्याचा आणि पिकाच्या नुकसानीचा मोबदला मिळतो. टेक्सासच्या शेतकऱ्याला घरबसल्या रॉयल्टीचा चेक येतो, कारण तिथे जमिनीखालचं तेल खासगी मालकीचं असू शकतं. इथे तसं नाही.

काठावरची विहीर कशाला म्हणायचं?

जिच्या तेलाच्या किमतीतून रोजचा चालवण्याचा खर्च, रॉयल्टी आणि सेस वजा केल्यावर हातात जवळपास काहीच उरत नाही, ती. अमेरिकेत ढोबळ मानाने दिवसाला सरासरी १५ बॅरल किंवा कमी देणाऱ्या विहिरीला ‘स्ट्रिपर वेल’ म्हणतात. पण फक्त बॅरल मोजून काठ कळत नाही. गुजरातेतल्या खंभातच्या खोऱ्यात जमिनीवर १५ बॅरल देणारी विहीर तगते. समुद्रात तेल काढायचा फलाट, हेलिकॉप्टर, जहाजं आणि पाणबुडे सांभाळून १५ बॅरल काढायला कोणी बसणार नाही.

काठ तीन गोष्टींनी हलतो : तेलाचा भाव, तेलाबरोबर येणारं पाणी आणि सरकारचा वाटा. पहिल्यावर कोणाचं चालत नाही. दुसरं विहिरीच्या वयाबरोबर वाढतच जातं. तिसरा तेवढा मंत्रालयात बसून बदलता येतो.

पाण्याचा इथे काय संबंध?

सगळाच. तरुण विहीर तेल देते. वय वाढलं, दाब उतरला की तेलाबरोबर खालचं खारं पाणी यायला लागतं. शंभर बॅरल उपशात नव्वद बॅरल पाणी ही जुन्या क्षेत्रांत नवलाची गोष्ट नाही. पाणी उपसायला तेलाइतकीच वीज लागते. मग ते तेलापासून वेगळं करा, शुद्ध करा आणि दुसऱ्या विहिरीतून पुन्हा जमिनीत ढकला. विकायला मिळतं ते दहा बॅरल तेल. खर्च शंभर बॅरलचा. रॉयल्टी आकारणाऱ्याला मात्र हे पाणी दिसत नाही, त्याच्यापुढे फक्त दहा बॅरल आणि त्यांची किंमत.

मेहसाण्याच्या बाजूला गेलात तर शेताच्या मधोमध मान खालीवर करणारे पंप दिसतात. तिथलं तेल इतकं दाट की आपणहून वर येत नाही. बालोल आणि संथाल या क्षेत्रांत ओएनजीसी नव्वदच्या दशकापासून जमिनीखाली हवा दाबून तिथल्या तेलाचा थोडा भाग पेटवते. त्या उष्णतेने बाकीचं तेल पातळ होतं आणि विहिरीकडे सरकतं. हवा दाबणारे कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. पाच-सहा बॅरल कमी निघाले म्हणून त्यांचं बिल कमी होत नाही.

सवलतीने सरकारचं नुकसानच होणार ना? हिशेब मांडून दाखवा.

समजा, जमिनीवरची एक काल्पनिक विहीर. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत.

दिवसाला १० बॅरल, भाव ६,००० रुपये, म्हणजे विक्री ६०,००० रुपये. रॉयल्टी २० टक्के, १२,०००. सेस २० टक्के, १२,०००. उरले ३६,०००. वीज, पाण्याची विल्हेवाट, माणसं, दुरुस्ती मिळून रोजचा खर्च ३४,०००. शिल्लक २,००० रुपये. चालू आहे, पण श्वास लागलेला.

दोन वर्षांनी तीच विहीर ८ बॅरलवर आली. विक्री ४८,०००. चाळीस टक्के सरकारला गेल्यावर उरतात २८,८००. खर्च तोच ३४,०००. रोजचा तोटा ५,२००. कंपनी विहीर बंद करते. सरकारला मिळाले शून्य.

पण बघा, तेलाची किंमत ४८,००० आणि काढायचा खर्च ३४,०००. देशाच्या दृष्टीने विहीर अजून १४,००० रुपयांनी फायद्यात आहे. तिला मारलं ते सरकारच्या वाट्याने. आता रॉयल्टी ५ टक्के आणि सेस १० टक्के केला, तर कंपनीकडे ४०,८०० उरतात, खर्च वजा जाता ६,८०० शिल्लक. आणि सरकारला २,४०० अधिक ४,८००, म्हणजे ७,२०० रुपये. कागदावर सरकारने दर कमी केला. प्रत्यक्षात शून्याच्या जागी ७,२०० मिळवले.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. शेजारी दिवसाला ५०० बॅरल देणारी विहीर आहे आणि सवलत तिलाही लागू झाली. ती सवलतीशिवायही चालणारच होती. तिच्यावर रोज साडेसात लाख रुपये सुटले आणि एक थेंब जास्त निघाला नाही. काठावरच्या शंभर विहिरी जगवून जे मिळालं असतं, त्याच्यापेक्षा जास्त अशा एका विहिरीवर उधळलं जातं. म्हणून सरसकट सूट हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग मार्ग आहे.

भारतात अशी सवलत खरंच आहे का?

आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेलं आणि १० ऑक्टोबर २०१८ रोजी अधिसूचित झालेलं वाढीव उत्पादन धोरण. पाण्याने ढकलून, रसायनं सोडून, वायू दाबून किंवा उष्णता देऊन जुन्या क्षेत्रातून जास्तीचं तेल काढलं, तर त्या जास्तीच्या तेलावरचा सेस अर्धा माफ. जास्तीच्या वायूवरच्या रॉयल्टीत ७५ टक्के माफी. प्रत्येक प्रकल्पाला उत्पादन सुरू झाल्यापासून १२० महिने. धोरणाची मुदत दहा वर्षं.

धोरण जाहीर करताना सरकारची अपेक्षा अशी होती की भूगर्भातल्या मूळ साठ्यातून निघणारं तेल पाच टक्क्यांनी वाढलं तर वीस वर्षांत १२ कोटी टन जादा तेल मिळेल. आकडा आकर्षक आहे. पण २०१८ नंतर देशाचं उत्पादन वाढलेलं नाही, घटलं आहे : २०१७-१८ मध्ये साधारण ३.५७ कोटी टन, २०२४-२५ मध्ये २.८७ कोटी टन. धोरण नसतं तर किती घटलं असतं, हा वेगळा प्रश्न. पण नुसत्या सवलतीने घसरण उलटत नाही एवढं यावरून म्हणता येतं.

तेलाला सेसमध्ये सूट आणि वायूला रॉयल्टीत. असं का?

माझ्या मते या धोरणातलं खरं राजकारण इथे आहे. तेलावर दोन वाटेकरी : सेस केंद्राचा, जमिनीवरची रॉयल्टी राज्याची. केंद्राने स्वतःचा सेस अर्धा सोडला आणि राज्याच्या रॉयल्टीला हात लावला नाही. वायूवर सेसच नाही, तेव्हा रॉयल्टीखेरीज सोडायला काही नव्हतं.

राज्यांच्या रॉयल्टीला हात लावला की काय होतं, याचा अनुभव ताजा होता. पेट्रोलियम पदार्थ स्वस्त विकता यावेत म्हणून ओएनजीसीला काही वर्षं कच्चं तेल सवलतीत द्यावं लागत होतं, आणि रॉयल्टीही त्या सवलतीच्या भावावर दिली जात होती. गुजरात न्यायालयात गेला. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सवलतीआधीच्या पूर्ण भावावर रॉयल्टी द्यायला सांगितलं; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०१४ पासून ओएनजीसी पूर्ण भावावर द्यायला लागली. एकदा असं भांडण झाल्यावर तेलावरच्या राज्याच्या वाट्यातून सूट द्यायची हिंमत दिल्लीत कोण करणार?

परिणाम असा की जमिनीवरच्या जुन्या विहिरीच्या जादा तेलाला सेस १० टक्क्यांवर आला, रॉयल्टी २० टक्क्यांवरच राहिली.

‘जास्तीचं तेल’ ठरवतं कोण?

धोरणाचा जीव या प्रश्नात आहे. आधी एक रेघ काढावी लागते : काहीच केलं नसतं तर या क्षेत्रातून पुढच्या वर्षी किती, त्याच्या पुढच्या वर्षी किती निघालं असतं. ही उतरती रेघ. तिच्या वर जे निघेल ते जास्तीचं, त्याच्यावरच सूट. तपासणी पेट्रोलियम मंत्रालयाचं हायड्रोकार्बन महासंचालनालय आणि त्यासाठी नेमलेली समिती करते.

रेघ थोडी खाली ओढली की न वाढलेलं उत्पादनही ‘वाढीव’ दिसतं आणि सूट फुकट मिळते. थोडी वर ओढली की खरोखर मेहनत केलेल्याच्या हाती काही लागत नाही. एका क्षेत्राची माहिती सर्वांत जास्त असते ती चालवणाऱ्या कंपनीकडेच, तपासणाऱ्याकडे नव्हे. अर्ज कंपनीचा, आलेख कंपनीचा, मोजमापं कंपनीची. मला विचाराल तर सुटीच्या टक्क्यावर वाद घालण्यापेक्षा ही रेघ आणि दर महिन्याचं विहीरवार मोजमाप लोकांसमोर टाकायला हवं.

मुंबई हायसुद्धा काठावर आलं आहे का?

पूर्ण क्षेत्र नाही, त्यातल्या काही विहिरी नक्की. १९७४ मध्ये सापडलेलं आणि २१ मे १९७६ पासून वाहणारं हे क्षेत्र १९८५च्या सुमारास दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या घरात होतं. आता त्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली आहे. तरी बरंच तेल अजून खडकातच आहे. जगात बहुतेक ठिकाणी साठ्याचा मोठा भाग जमिनीतच राहतो. रसवंतीवाला चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो तसं तेलही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत निघतं, आणि दर फेरीला जोर जास्त, रस कमी.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने इथल्या तांत्रिक सल्ल्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी निवड केली. मोबदल्याची रचना पाहण्यासारखी : सुरुवातीला ठरावीक फी, नंतर वाढीव उत्पन्नातला टक्का. म्हणजे तिथेही उतरती रेघ आलीच.

रॉयल्टीच्या दरावरून एखादं क्षेत्र पडून राहिल्याचं उदाहरण आहे?

आहे, आणि तेही आपल्याच किनाऱ्यासमोर. मुंबईच्या नैर्ऋत्येला रत्ना आणि आर-सीरिज नावाचं मध्यम आकाराचं क्षेत्र. १९९६ मध्ये ते एका खासगी समूहाला देण्याचं ठरलं. करारावर सह्या मात्र झाल्याच नाहीत. वादाच्या मुद्द्यांत एक प्रमुख मुद्दा होता रॉयल्टी आणि सेस कुठल्या दराने : ठरलं तेव्हाच्या, की आजच्या? वर्षं गेली, दर वाढले, तेलाचा भाव चढला-उतरला, फाइल फिरत राहिली. मार्च २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने क्षेत्र परत ओएनजीसीला दिलं. वीस वर्षं! जास्त दराने जेवढं नुकसान होतं, तेवढंच दर नक्की न ठरल्यानेही होतं. २०२५च्या तेलक्षेत्र कायद्यातल्या दुरुस्तीत करारांच्या स्थैर्यावर भर दिला गेला, त्याचं कारण असल्या फायलींत सापडतं.

छोट्या क्षेत्रांसाठी वेगळं धोरण आहे ना?

हो, २०१५चं. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाने शोधलेली पण परवडत नाहीत म्हणून ठेवून दिलेली ६९ क्षेत्रं लिलावाला काढायचं ठरलं. त्यात सेस नाही, तेल-वायू विकण्याचं स्वातंत्र्य आहे आणि सरकारशी उत्पन्नाची वाटणी बोलीने ठरते. पुढे आणखी फेऱ्या झाल्या. कल्पना चांगली, पण छोट्या कंपन्यांची पैसा उभा करणं, रिग (विहीर खोदायचं यंत्र) मिळवणं आणि परवानग्या यांतच दमछाक होते. सेस माफ केला म्हणून बँक कर्ज देत नाही.

तेलाचा भाव चढला की सवलत आपोआप थांबते का?

थांबायला हवी. भारताच्या २०१८च्या धोरणात मी ज्याला कमतरता म्हणेन ती हीच : सूट महिन्यांवर बांधली आहे, भावावर नाही. तेल ४० डॉलर असो की ११०, अर्धा सेस माफच.

अमेरिकेत हे धडे महागात घेतले गेले. १९९२ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या छोट्या विहिरींसाठी एक सुबक सूत्र होतं : विहिरीमागे रोजचे सरासरी बॅरल गुणिले ०.८, अधिक ०.५. जे येईल तो रॉयल्टीचा टक्का. १५ बॅरलला नेहमीचे १२.५ टक्के, १० बॅरलला ८.५, पाच बॅरलला ४.५. पायरी नाही, उतार आहे. त्यामुळे १६ वरून १४ बॅरलवर आणून मोठी सूट लाटायचा मोह कमी. आणि तेलाचा भाव ठरावीक पातळीच्या वर सहा महिने राहिला की योजना बंद करायची तरतूद होती. भाव चढले आणि २००६ मध्ये ती बंद झालीसुद्धा.

याउलट १९९५च्या खोल समुद्राच्या सवलतीचं झालं. १९९८ आणि १९९९ मध्ये दिलेल्या भाडेपट्ट्यांत भावाची मर्यादा घालायचीच राहून गेली. पुढे तेल भडकलं. ज्या भाडेपट्ट्यांत मर्यादा होती त्यांवर सरकारने रॉयल्टी मागितली, तर केर-मॅगी ही कंपनी न्यायालयात गेली आणि जिंकली : १९९५च्या कायद्यानुसार अशी मर्यादा घालताच येत नव्हती. कायद्यात आणि करारांत नीट न लिहिलेल्या एका मर्यादेपायी अब्जावधी डॉलरवर पाणी सोडावं लागलं.

कोविडमध्ये सवलती दिल्या होत्या का?

अमेरिकेत दिल्या. एप्रिल २०२० मध्ये तिथला तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरपर्यंत कोसळला, तेव्हा अर्ज करणाऱ्यांची रॉयल्टी ६० दिवसांसाठी १२.५ टक्क्यांवरून सरासरी एक टक्क्याच्याही खाली आणली गेली. नंतर सरकारी लेखापरीक्षकांनी विचारलं : सवलत दिली नसती तर यातल्या किती विहिरी बंद पडल्या असत्या? ते कोणी तपासलंच नव्हतं.

विंडफॉल करातही छोट्यांना सूट होती म्हणतात?

होती. विंडफॉल कर म्हणजे भाव अचानक भडकल्याने मिळालेल्या आयत्या कमाईवरचा कर. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशी कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये असा जादा कर लावला. आदल्या वर्षी २० लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन असलेले छोटे उत्पादक वगळले, आणि गेल्या वर्षीपेक्षा जास्त काढलेल्या तेलावरही कर नव्हता. घाईत केलेल्या करात हे दोन बारकावे सुचले, याचं कौतुक करायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये कर रद्द झाला.

रॉयल्टी कमी झाली की पेट्रोल स्वस्त होईल?

नाही. देशात वापरल्या जाणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयातीचं. भाव जगाच्या बाजारात ठरतो.

एका हाताने सूट आणि दुसऱ्या हाताने कर, असं होतं का?

होतं. कच्चं तेल जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणजे विहीर चालवणाऱ्याने रिगवर, दुरुस्तीवर, रसायनांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट त्याला तेल विकताना मिळत नाही. तो सगळा खर्चात जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये तेलक्षेत्रातल्या सेवांवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. वरच्या काल्पनिक विहिरीच्या ३४,००० रुपयांत तेवढी भर घाला. रॉयल्टी तेल निघाल्यावर द्यायची असते. हा जीएसटी तेल निघालं नाही तरी जातो. काठावरच्या विहिरीला तो जास्त झोंबतो, आणि त्याच्यावर चर्चा सर्वांत कमी.

भाव पडल्यावर विहीर बंद ठेवायची, चढल्यावर उघडायची. मग सवलत कशाला?

नळ नाही तो. बंद विहिरीत मेण आणि वाळू साचते, नळ्या गंजतात, पाणी आत सरकून तेलाची वाट अडवतं. पुन्हा चालू करायला रिग आणावी लागते, आणि दिवसाला आठ बॅरलसाठी रिगचं भाडं भरायला कोणी तयार होत नाही. एकेकाळी दोन-चार महिन्यांसाठी म्हणून बंद केलेल्या कितीतरी विहिरी अशाच कायमच्या गेल्या.

मग विहीर कायमची बंद करण्याचा खर्च कोणाचा?

चालवणाऱ्या कंपनीचा. आत सिमेंटचे बूच बसवायचे, वरचं यंत्र काढायचं, जागा पूर्ववत करायची; समुद्रात फलाटही उतरवायचा. सवलतीविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप इथून येतो : काही कंपन्या विहीर फायद्यासाठी चालू ठेवत नाहीत, बंद करण्याचा खर्च पुढे ढकलण्यासाठी रांगवत ठेवतात. अमेरिकेत अशा विहिरी हातोहात छोट्या कंपन्यांकडे जात शेवटी बेवारस झाल्या, आणि त्या बुजवायला २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात ४.७ अब्ज डॉलर ठेवावे लागले. म्हणून रॉयल्टीत सूट देताना त्या बदल्यात विहीर बुजवण्याची रक्कम आधीच वेगळ्या खात्यात भरून घ्यावी. सूट मिळालेल्या रकमेतूनच ती भरता येते, आणि ज्या कंपनीला ही अट नको असेल तिच्या विहिरीला सूट न दिलेली बरी.